क्रॉसिंगला थांबलेली गाडी

परतूर स्टेशनात गाडी उगाच उभी राहिली की डब्यातलं कुणीतरी सांगतं, "क्रॉसिंग आहे." निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद मार्ग पडला तो मीटर गेजचा आणि एकेरी. 1990 च्या दशकात इथले रूळ रुंद झाले, मार्ग मात्र इथे एकेरीच राहिला. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीने स्टेशनात थांबायचं. कोणी, हे वेळापत्रक करणारा ठरवतो.

पूर्वी हे काम मोठ्या कागदावर चाले. आडवी वेळ, उभी स्थानकं आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. दोन रेघांनी एकमेकींना छेदायचं ते स्टेशनातच. फ्रान्समध्ये 19व्या शतकात असे आलेख निघाले. पण कागद फक्त टक्कर दाखवतो, कुणाला किती रखडवायचं ते सांगत नाही. शाळेचं वेळापत्रक लावताना मलाही हा अनुभव येतो: जुम्याच्या वेळेला गणिताचा तास नको, आणि गणिताचे सर नेमके तेव्हाच मोकळे!

गंमत म्हणजे या पेचाला नाव देणारे इटलीचे विल्फ्रेदो पारेतो अर्थशास्त्राकडे वळण्याआधी रेल्वेत इंजिनियर होते. एकाचं नुकसान केल्याशिवाय दुसऱ्याचा फायदा वाढत नाही, अशा अवस्था अनेक असतात, हे त्यांनी मांडलं. तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये असलेले कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेली 'एनएसजीए-2' ही पद्धत याच विचारावर उभी आहे. संगणक असंख्य वेळापत्रकं जुळवतो, बदलतो, गाळतो आणि शेवटी एक नव्हे, अनेक पर्याय समोर ठेवतो. एकात एक्सप्रेस वेगवान पण पॅसेंजर रखडलेली, दुसऱ्यात उलट. निवड माणसाची.

2020 मध्ये भारतीय रेल्वेने आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना घेऊन सगळं वेळापत्रक शून्यापासून मांडलं. गाड्यांचा वेग, मालगाड्यांना वाट, रुळांच्या देखभालीसाठी सलग मोकळा वेळ, ही उद्दिष्टं होती. ती रास्तच होती. पण त्यात देशभरच्या अनेक छोट्या स्टेशनांचे थांबे गेले. रोज तालुक्यातून जिल्ह्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याची सोय हे उद्दिष्ट यादीत ठळक नसेल, तर सॉफ्टवेअर त्याला वजन कुठून देणार? याच काळात अनेक पॅसेंजर गाड्या एक्सप्रेस ठरल्या आणि किमान भाडं 10 वरून 30 रुपयांवर गेलं. ते पुन्हा 10 वर यायला 2024 उजाडलं.