शेत पिकवणारी मासळी

जपानी घरांत नववर्षाच्या दिवशी लाखेच्या डब्यांतून जे खास पदार्थ मांडतात, त्यांत करंगळीएवढ्या चकचकीत तपकिरी माशांचा छोटासा ढीग असतो. हे आपल्या मांदेलीच्या कुळातले मासे. ते लहान असतानाच पकडून, न उकडता वाळवतात. मग कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजून सोया सॉस आणि साखरेच्या पाकात घोळवतात. डोके, काटे, शेपूट, काहीच टाकायचे नाही. कोरियात असाच परतलेला पदार्थ आहे, आणि मलेशियात अशी सुकी मासळी शेंगदाण्यांबरोबर तळून खातात. पण जपानी पदार्थाचे नाव वेगळेच काही सांगते. त्याला म्हणतात 'ताझुकुरी'. 'ता' म्हणजे भातखाचर आणि 'त्सुकुरी' म्हणजे तयार करणे. खाऊला शेत तयार करणाऱ्याचे नाव कसे पडले?

जपानी भाषेत तारली आणि मांदेलीच्या कुळातले हे मासे या दोहोंनाही 'इवाशी' म्हणतात. सतराव्या शतकात की प्रांतातील कोळी पूर्व किनाऱ्यावर आले आणि त्यांनी आपल्या रापणीसारखी किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी तिकडे नेली. आजच्या तोक्योच्या पूर्वेला कुजुकुरी नावाचा सुमारे ६० किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा आहे. तिथे इवाशीचे थवेच्या थवे ओढले जात आणि वाळूवरच पसरून वाळवले जात. माणसांच्या पोटात जाणारा वाटा त्यात लहान होता. बाकीची मासळी 'होशिका' या नावाने गलबतांतून ओसाकाकडे जाई, ती खत म्हणून.

मासळीचे खत कशासाठी, याचे उत्तर वर्गातल्या फळ्यावर काढता येईल. १०० ग्रॅम ताझुकुरीत सुमारे ६६ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांत वजनाच्या साधारण १६ टक्के नत्र असते. म्हणजे १०० ग्रॅम सुक्या मासळीत दहा ग्रॅमच्या आसपास नत्र! होशिकात तेल आणि वाळू मिसळलेली असल्याने हा आकडा थोडा खाली येईल. पण हाडांतले स्फुरद वर मिळतेच. शेणखतात नत्र एक टक्काही मुश्किलीने भरते. गलबताने दूरवर न्यायला परवडेल असे दुसरे खत तेव्हा क्वचितच असेल.

नावात भातखाचर असले, तरी विकत घेतलेली ही मासळी मुख्यतः ओसाकाभोवतालच्या कापसाला आणि शिकोकू बेटावरच्या निळीला जाई. पैशाचे पीक असेल तरच पैशाचे खत परवडते. जपानी शेतकरी अशा खताला 'किंपी', म्हणजे पैशाचे खत, असेच म्हणत. अठराव्या शतकात इवाशीची आवक घटली, भाव चढले, आणि ओसाकाभोवतालच्या गावांनी एकत्र येऊन खताच्या भावाबद्दल सरकारदरबारी अर्ज केले.

तुटवडा भरून काढला उत्तरेच्या हेरिंग माशाने. होक्काइदो बेटावर (तेव्हाचे नाव एझो) हे मासे मोठ्या कढयांत उकडून, तेल पिळून काढून, उरलेला चोथा वाळवत. मच्छीमारीचे कंत्राट घेतलेले व्यापारी हे काम बेटावरच्या मूळच्या ऐनू लोकांकडून करून घेत. मोबदला तुटपुंजा, सक्ती बरीच, आणि बाहेरून आलेल्या देवीसारख्या रोगांनी वस्त्याच्या वस्त्या खचल्या. त्या काळचा जपान म्हणजे गावातले मलमूत्र आणि पालापाचोळा पुन्हा शेतात घालणारा स्वयंपूर्ण देश, असे चित्र आपण पुष्कळदा वाचतो. ते खोटे नाही, पण आम्हांला ते अर्धेच वाटते. कापसाच्या शेतातले बरेचसे नत्र समुद्रातून उपसलेले होते, आणि ते उपसण्याचे कष्ट शेकडो मैलांवरच्या माणसांचे होते.

१८९४-९५ च्या चीन-जपान युद्धानंतर मांचुरियातून सोयाबीनची पेंड येऊ लागली, पुढे अमोनियम सल्फेट आले, आणि मासळी शेतातून हळूहळू हद्दपार झाली. (कोकण-गोव्यातही माडाच्या आळ्यात मासळी पुरत असत, हे वाचकांपैकी काहींनी पाहिलेही असेल.) नाव मात्र थाळीत टिकले. भरघोस पिकाची इच्छा म्हणून ताझुकुरी खायची, असे आज सांगतात. तिचे दुसरे नाव 'गोमामे'. ते 'पन्नास हजार तांदूळ' अशा अर्थाच्या अक्षरांनीही लिहितात.

शेतात जी हाडे स्फुरद देत, तीच आता कॅल्शियमसाठी वाखाणली जातात. १०० ग्रॅम ताझुकुरीत सुमारे २५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे ११०. अर्थात १०० ग्रॅम सुकी मासळी एका वेळी कोणी खात नाही. पण दहा ग्रॅमची चिमूट साधारण पेलाभर दुधाची बरोबरी करते. मोठ्या माशाचे काटे आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो, म्हणून हा लाभ लहान, अख्ख्या माशातच. जपानी शाळांच्या जेवणात कधीकधी बदामाच्या कापांबरोबर अशा माशांची छोटी पुडी असते. मुले ती दाण्यांसारखी चघळत बसतात.