रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवताना आवाज फाटतोय? कारणं शोधा आणि दुरुस्त करा



मागच्या मे महिन्यात माळा आवरताना आजोबांच्या तबकड्यांची पेटी खाली आली. नाट्यगीतं, भावगीतं, थोडे अभंग. आजोबांना जाऊन आठ वर्षं झाली, पण आजीला ती गाणी अजून पाठ आहेत. काकांकडून टर्नटेबल आणलं, लॅपटॉपला केबल जोडली, ऑडॅसिटी सुरू केलं आणि एका रविवारी सात तबकड्या उतरवून घेतल्या. मध्ये एकदाही ऐकून बघितलं नाही. स्क्रीनवर पट्ट्या नाचत होत्या, म्हणजे सगळं नीट चाललंय असं मला वाटलं.

रात्री आजीला हेडफोन लावून दिला. दोन मिनिटांत तिने तो काढला आणि म्हणाली, "अरे, वरचा सूर लागला की गळा चिरल्यासारखा का येतोय?"

सातही तबकड्यांचा आवाज फाटलेला होता. पुन्हा उतरवायला बसलो तर सहाच चांगल्या निघाल्या. सातवी मी खिडकीत ठेवली होती, ती उन्हाने वाकडी झाली होती. त्या गाण्यांची आमच्याकडे आता फक्त फाटलेली फाइल आहे.

म्हणून हा लेख. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: रेकॉर्डिंगमध्ये फाटलेला आवाज नंतर पूर्ण शिवता येत नाही. तो नेमका कुठे फाटतोय हे शोधून तिथेच थांबवावं लागतं. चला, एकेक गोष्ट बघूया.

आधी ओळखा: आवाज खरंच फाटतोय का?

जुन्या तबकड्यांमध्ये तीन प्रकारचे त्रास येतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

- टिकटिक, चरचर: धूळ किंवा ओरखडे. तबकडी स्वच्छ केली की बरंच कमी होतं.
- सतत घुंऽऽ असा आवाज: अर्थिंगचा प्रश्न. टर्नटेबलची बारीक अर्थची वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडली आहे का ते बघा. लॅपटॉपचा चार्जर काढूनही फरक पडतो का ते तपासा.
- मोठ्या सुरावर खरखर, हळू गाण्यात मात्र स्वच्छ: हा फाटलेला आवाज. आजचा विषय हाच.

आवाज कुठून कुठे जातो?

साखळी अशी असते: सुई → कार्ट्रिज → फोनो प्रीअँप → केबल → लॅपटॉपचं इनपुट → सॉफ्टवेअर.

तबकडीच्या खाचेत सुई थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज बनवतं. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून ही वीज फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट इतकी येते. लाईन इनला साधारण ३०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात. मधली वाढ करण्याचं काम फोनो प्रीअँप करतो.

प्रीअँप अजून एक काम करतो. तबकडी बनवताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम जास्त कोरलेले असतात, कारण खर्ज पूर्ण कोरला तर खाच फार रुंद होते आणि एका बाजूवर कमी गाणी मावतात. प्रीअँप वाजवताना हे बरोबर उलटं करून मूळ आवाज परत आणतो. या ठरलेल्या मापाला आरआयएए म्हणतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास सगळ्या एलपी याच मापाने निघाल्या.

या साखळीतल्या कुठल्याही कडीवर झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज आला की लाटेचा माथा कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेला माथा पुढच्या कड्यांना परत आणता येत नाही.

बिघाड कुठे आहे? तीन सोप्या चाचण्या

चाचणी १: लॅपटॉप बाजूला ठेवून ऐका. टर्नटेबल किंवा अँप्लिफायरला हेडफोन जोडा. तिथेही आवाज फाटत असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका. सुई, कार्ट्रिज किंवा प्रीअँपकडे बघा.

चाचणी २: लाटेचा आकार बघा. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा झूम करा.

- माथे अगदी वरच्या कडेला टेकून सपाट झालेत: रेकॉर्डिंगची लेव्हल जास्त आहे.
- माथे कडेच्या बरेच खाली आहेत, तरी सपाट किंवा तिरके कापल्यासारखे दिसतात: आवाज सॉफ्टवेअरपर्यंत पोचण्याआधीच फाटलाय. प्रीअँप किंवा माइक इनपुट तपासा.
- माथे गोल आहेत, तरी कानाला खरखर येते: सुई किंवा तबकडीची खाच.

माझी चूक इथेच कळली. मी सॉफ्टवेअरमधला स्लायडर खाली आणला तेव्हा आवाज लहान झाला, पण फाटलेलाच राहिला. कारण तो त्याच्या आधीच्या कडीवर फाटत होता.

चाचणी ३: तबकडीवर कुठे फाटतो ते बघा. सुरुवातीचं गाणं स्वच्छ आणि आतल्या बाजूचं शेवटचं गाणं खरखरीत असेल तर कारण बहुतेक सुईशी जोडलेलं असतं. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला कमी जागा मिळते, म्हणून सुईचा थोडासा दोषही तिथे लगेच ऐकू येतो.

पाच नेहमीची कारणं आणि त्यांचे उपाय

१. केबल माइकच्या भोकात लावली आहे

सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि मीही हीच केली. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर एकच गोल जॅक असतो. तो हेडफोन आणि हेडसेटच्या माइकसाठी असतो, लाईन इन नसतो. माइकचं इनपुट काही मिलिव्होल्टसाठी बनवलेलं असतं. त्यात शेकडो मिलिव्होल्ट सोडले तर ते फाटणारच. शिवाय ते मोनो असतं, म्हणजे स्टिरिओ तबकडीची एक बाजू सरळ जाते.

उपाय: "लाईन इन" असं स्पष्ट लिहिलेला स्टिरिओ यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. बाजारात मिळणाऱ्या लहानशा यूएसबी साउंड डोंगलमध्ये बहुतेक वेळा पुन्हा मोनो माइकच असतो, त्यामुळे पैसे देण्याआधी पाकिटावर वाचून घ्या. टर्नटेबललाच यूएसबी असेल तर तीच केबल थेट लावा.

२. प्रीअँप दोनदा लागलाय, किंवा लागलाच नाही

बऱ्याच नव्या टर्नटेबलच्या मागे "फोनो" आणि "लाईन" असा स्विच असतो. "लाईन"वर असेल तर आतला प्रीअँप चालू असतो. अशी केबल अँप्लिफायरच्या फोनो इनपुटला लावली तर आवाज दोनदा वाढतो आणि भयंकर फाटतो. उलट प्रीअँप कुठेच नसेल तर आवाज बारीक, चिरका आणि खर्ज नसलेला येतो. तो वाढवायला आपण लेव्हल ताणतो आणि नुसती खरखर वाढते.

नियम सोपा: साखळीत फोनो प्रीअँप एकदाच हवा.

एक अपवाद आहे. जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरमध्ये बऱ्याचदा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याचा आवाज मुळातच शेकडो मिलिव्होल्टचा असतो. त्याला फोनो प्रीअँप लावू नका.

३. विंडोजची "मदत"

साउंड सेटिंग्जमधून "मोअर साउंड सेटिंग्ज", मग "रेकॉर्डिंग" टॅब, तुमच्या इनपुटच्या "प्रॉपर्टीज" आणि तिथे "लेव्हल्स" उघडा. "मायक्रोफोन बूस्ट" दिसला तर शून्यावर आणा. माझ्याकडे तो २० डेसिबलवर होता, म्हणजे आवाज दहापट. ऑडिओ एन्हान्समेंट्स आणि नॉइज सप्रेशनही बंद करा. ही सोय बोलण्यासाठी केलेली असते. तंबोऱ्याचा सलग सूर तिला गोंगाट वाटतो आणि ती तो खाऊन टाकते.

४. लेव्हल फार वर आहे

मीटर लाल रेषेला टेकेपर्यंत लेव्हल वाढवायची गरज नाही. सगळ्यात मोठा सूर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलची जागा असते आणि चांगल्या एलपीला ६० ते ७० पुरतात. वर ६ डेसिबल मोकळे सोडल्याने काहीच बिघडत नाही. आवाज लहान वाटला तर नंतर वाढवता येतो.

५. सुई मळलेली, झिजलेली किंवा चुकीची

फोनच्या कॅमेऱ्याने सुईचा मॅक्रो फोटो काढा. टोकाला धुळीचा गोळा दिसला तर मऊ ब्रशने मागून पुढे झाडा, आडवं कधीच नाही. दाब किती ठेवायचा ते कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात असतं. बऱ्याच मॅग्नेट कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतात. "कमी दाब म्हणजे तबकडी सुरक्षित" हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाच खराब करते. झिजलेली सुई तर दर वेळी तबकडीचं नुकसान करते. चाचणीत सुईवर संशय आला तर आधी सुई बदला, मगच पुढची तबकडी लावा.

आणि हो, पेटीत जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर एलपीची सुई त्यांना लावू नका. एलपीची सुई साधारण ०.७ मिल असते, ७८ ची ३ मिल. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासते, खरखर करते आणि स्वतःही खराब होते.

माझी आताची पद्धत

१. तबकडी आणि सुई स्वच्छ करतो.
२. ऑडॅसिटीत इनपुट म्हणून यूएसबी इंटरफेस निवडतो, चॅनल स्टिरिओ, ४४.१ किलोहर्ट्झ. इंटरफेसला जमत असेल तर २४ बिट.
३. बाजूतलं सगळ्यात जोरकस गाणं शोधतो. नाट्यगीत असेल तर शेवटची तान वाजवून लेव्हल ठरवतो.
४. तीस सेकंद रेकॉर्ड करतो, थांबतो, हेडफोनवर ऐकतो, लाट झूम करून बघतो.
५. सगळं ठीक असेल तर पूर्ण बाजू एका दमात घेतो. मध्ये लेव्हलला हात लावत नाही.
६. फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवतो. १६ बिट स्टिरिओ वेव्हला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे वीस मिनिटांच्या बाजूला २०० एमबीच्या आसपास. फोनसाठी एमपी३ ची वेगळी कॉपी करतो.
७. तबकडी पाकिटात घालून उभी ठेवतो, उन्हापासून लांब. हे मी महागात शिकलो.

नेहमी पडणारे प्रश्न

आधीच फाटलेलं रेकॉर्डिंग दुरुस्त होतं का?
थोडंफार. ऑडॅसिटीमध्ये "क्लिप फिक्स" नावाचा इफेक्ट आहे. तो कापलेल्या माथ्याच्या आजूबाजूची लाट बघून वरचा भाग अंदाजाने भरतो. आधी आवाज थोडा कमी करून जागा करा, मग लावा. अधूनमधून कापलेले माथे बरे सुधारतात. सलग फाटलेल्या तानेला फारसा उपयोग होत नाही. तबकडी चांगली असेल तर सरळ पुन्हा रेकॉर्ड करा.

स्पीकरसमोर फोन ठेवून रेकॉर्ड केलं तर?
गाण्यासोबत पंखा, कुकरची शिट्टी आणि गल्लीतला हॉर्नही येतो. शिवाय फोन आवाज आपोआप कमी-जास्त करत राहतो. आठवण म्हणून ठीक, जतन करायला नाही.

लॅपटॉप नाही, फोनवर थेट घेता येईल का?
टाइप-सी मधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतो. अॅप बाहेरचं इनपुट घेतं का ते आधी तपासा. फोनच्या गोल जॅकला मात्र लॅपटॉपसारखीच अडचण आहे, तिथे मोनो माइकच असतो.

शेवटी

सहा तबकड्या मी पुन्हा उतरवल्या आणि आजीच्या फोनमध्ये टाकल्या. सातवीच्या फाइलवर क्लिप फिक्स लावून पाहिला, हळू आवाजाचे भाग ऐकण्यासारखे झाले. वरचा सूर आला की आजी अजूनही हेडफोन थोडा बाजूला करते आणि ती जागा स्वतः गुणगुणते.

तुमच्याही घरी माळ्यावर अशी पेटी असेल तर या रविवारी नक्की खाली काढा. पण पहिले तीस सेकंद रेकॉर्ड करून थांबा, आणि ती गाणी ज्यांच्या कानात बसली आहेत त्यांना ऐकवा. आवाज फाटलाय हे मीटरच्या आधी त्यांना कळतं.