गूगल बिझनेस प्रोफाइल

गूगल बिझनेस प्रोफाइल ही गूगल कंपनीची स्थानिक व्यवसायांसाठी असलेली विनामूल्य नोंदणी सेवा आहे. या सेवेमुळे व्यवसायाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, कामाच्या वेळा आणि छायाचित्रे गूगल शोध व गूगल नकाशे यांवर दिसतात. घरोघरी जाऊन काम करणारे प्लंबर, इलेक्ट्रिशियन इत्यादी व्यावसायिक पत्ता न दाखवता केवळ आपले सेवाक्षेत्र नोंदवू शकतात. ग्राहकांना प्रत्यक्ष न भेटता केवळ ऑनलाइन चालणारे व्यवसाय या नोंदणीस पात्र नसतात.

इतिहास

ही सेवा २००५ मध्ये ‘लोकल बिझनेस सेंटर’ या नावाने सुरू झाली. २०१० मध्ये तिचे ‘गूगल प्लेसेस’ व २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ असे नामांतर झाले. सध्याचे नाव नोव्हेंबर २०२१ पासून प्रचलित आहे.

कार्यपद्धती

नोंदणीनंतर दूरध्वनी, चित्रफीत, टपाल अशा मार्गांनी व्यवसायाची पडताळणी होते. कोणता मार्ग उपलब्ध असेल हे गूगल ठरवते. गूगलच्या म्हणण्यानुसार स्थानिक निकालांचा क्रम मुख्यतः तीन निकषांवर ठरतो: शोधाशी सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. पैसे भरून हा क्रम वाढवता येत नाही. जाहिराती स्वतंत्रपणे दाखवल्या जातात.

अंतर व्यावसायिकाच्या हाती नसते. त्यामुळे अचूक प्रवर्ग निवडणे, सणासुदीच्या वेळा अद्ययावत ठेवणे आणि नाव, पत्ता व क्रमांक सर्वत्र सारखेच लिहिणे यांना महत्त्व आहे. नाव दुकानाच्या पाटीवर असते तसेच द्यावे लागते. ‘स्वस्त’, ‘सर्वोत्तम’ असे शब्द किंवा गावाचे नाव त्यास जोडणे नियमबाह्य असून त्यामुळे नोंद निलंबित होऊ शकते.

ग्राहकांचे अभिप्राय

ग्राहक एक ते पाच तारे देऊन अभिप्राय लिहू शकतात व मालक त्यास जाहीर उत्तर देऊ शकतो. प्रतिकूल अभिप्राय मालकाला स्वतः काढता येत नाही. नियमभंग झाला असल्यास केवळ तक्रार करता येते. सवलत किंवा भेटवस्तू देऊन अभिप्राय मिळवण्यास मनाई आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे ऐच्छिक मानक प्रसिद्ध केले.

मर्यादा

या सेवेतून छोट्या व्यवसायांना विनामूल्य संकेतस्थळही बनवता येत असे. भारतात ही सोय २०१७ मध्ये सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये गूगलने अशी सर्व संकेतस्थळे बंद केली. काही काळ अभ्यागतांना संबंधित प्रोफाइलकडे वळवले जात होते. जून २०२४ मध्ये तेही थांबले. ज्यांनी हाच पत्ता पाटीवर, पावतीपुस्तकावर किंवा भेटपत्रिकेवर छापला होता, त्यांचा तो छापील पत्ता निरुपयोगी ठरला.

यावरून परक्या मंचावरील नोंद आणि स्वतःच्या मालकीचा पत्ता यांतील फरक स्पष्ट होतो. डोमेन नाव स्वतःच्या नावे नोंदवून दरवर्षी नूतनीकृत केल्यास होस्टिंग सेवा बदलली तरी पत्ता कायम राहतो. देवनागरीतील ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून उपलब्ध आहे. डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावे नोंदवले गेल्यास मात्र पुढे ताबा मिळवणे अवघड होते.

हे सुद्धा पहा

शोधयंत्र
डोमेन नाव
गूगल नकाशे