गॅरी शहरातली नऊ वर्षे

बेसबॉल हा काही आपला खेळ नव्हे. गोव्यात संध्याकाळी शेतं मोकळी झाली की पोरं फुटबॉल घेऊन उतरतात, नाहीतर क्रिकेटचे स्टंप ठोकतात. बेसबॉल आपण पाहिला तो इंग्रजी सिनेमात. वसाहतींमध्ये राज्यकर्त्यांचे खेळ शाळांतून कसे रुजले याविषयी वाचत असताना मी तैवानपर्यंत पोचलो आणि तिथून थेट अमेरिकेतल्या गॅरी नावाच्या शहरात.

गॅरी हे इंडियाना राज्यातलं पोलादाच्या कारखान्याभोवती १९०६ साली वसवलेलं शहर. मायकल जॅक्सनचं जन्मगाव म्हणून काही वाचकांना ठाऊक असेल. सत्तरच्या दशकात इथे दर ऑगस्टमध्ये 'सीनियर लीग वर्ल्ड सिरीज' भरत असे. लिटल लीग ही अमेरिकी संस्था १९३९ सालची. तिची बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची स्पर्धा पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला होते, ती जास्त प्रसिद्ध. पण मिसरूड फुटू लागलेल्या, तेरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी १९६१ साली ही वेगळी स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेतल्या विभागांचे विजेते आणि बाहेरच्या देशांचे संघ, असा तो आठवडाभराचा मेळा.

१९७२ साली ही स्पर्धा तैवानच्या मुलांनी जिंकली. १९७३ साली पुन्हा तैवान. पुढेही तैवानच. असं करत १९८० पर्यंत सलग नऊ वर्षे!

आता याच नऊ वर्षांत त्या देशाचं काय चाललं होतं ते पाहा. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने चीनची खुर्ची पेकिंगला दिली आणि चँग कै-शेकच्या तैपेईतल्या सरकारला बाहेर पडावं लागलं. १९७२ च्या फेब्रुवारीत निक्सन पेकिंगला गेले, सप्टेंबरात जपानने संबंध तोडले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये 'चीनचं प्रजासत्ताक' या नावाने खेळायला यजमान कॅनडाने मनाई केली, तेव्हा तैवानचा चमू भाग न घेताच परतला. १ जानेवारी १९७९ पासून अमेरिकेनेही पेकिंगला मान्यता दिली. म्हणजे मोठ्यांच्या जगात ज्या देशाचं नाव एकेका दारावरून पुसलं जात होतं, त्याची शाळकरी पोरं दर ऑगस्टला गॅरीत करंडक उचलत होती.

सरकारला हे कळत नव्हतं थोडंच? सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जात. दोन्ही देशांच्या वेळेत बारा-तेरा तासांचा फरक, त्यामुळे तैवानात मध्यरात्र उलटून गेलेली असे. घरोघरी लोक जागत, शेजारीपाजारी एका सेटभोवती जमत, आणि जिंकल्यावर पहाटेपूर्वीच फटाके वाजत. परत आलेल्या मुलांच्या उघड्या गाड्यांतून मिरवणुका निघत. देशात १९४९ पासून लष्करी कायदा होता, तो १९८७ पर्यंत राहिला. त्या काळात रात्री रस्त्यावर येऊन मोठ्याने ओरडण्याची मुभा देणारी ही एवढीच एक गोष्ट असावी, असं मला वाटतं.

यातली खरी गंमत मात्र पुढेच आहे. बेसबॉल हा चँग कै-शेकच्या मंडळींचा खेळ नव्हताच. १९४९ साली मुख्य भूमीवरून हरून आलेल्या त्यांच्या कुओमिन्तांग पक्षाच्या लेखी ती जपानी राजवटीची उष्टी पत्रावळ होती. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे तैवान जपानचं होतं. जपानात शाळांच्या बेसबॉलची मोठी स्पर्धा १९१५ पासून भरते. कोशिएन मैदानावरून तिला कोशिएन म्हणतात. १९२१ पासून कोरिया आणि मांचुरियातल्या, तर १९२३ पासून तैवानातल्या शाळा तिथे जाऊ लागल्या. सुरुवातीला त्या संघांत बहुतेक जपानी अधिकाऱ्यांची मुलंच असत. १९३१ साली मात्र च्याई गावच्या शेतकी शाळेचा, म्हणजे 'कानो'चा संघ उतरला तो निराळाच होता. मैदानातल्या नऊ जणांत तीन जपानी, दोन चिनी वंशाचे आणि चार तिथले मूळ आदिवासी. ही पोरं अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि नागोयाच्या चुक्यो शाळेकडून ०–४ अशी हरली. उ मिंग-च्ये या एकाच मुलाने सगळे सामने पिचर म्हणून खेळून काढले. जपानातले नामवंत लेखक किकुची कान यांनी तीन जातींची मुलं एकजुटीने खेळताना पाहून आपण कानोच्या बाजूचे झालो, असं वर्तमानपत्रात लिहिलं.

छान गोष्ट आहे. पण तिच्या आदल्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९३० रोजी, वुशे इथे सेदिक आदिवासींनी उठाव केला होता आणि शंभराहून अधिक जपान्यांना मारलं होतं. तेही कुठे, तर शाळेच्या क्रीडादिनाच्या मैदानावर! जपानने तोफा आणि विमानं आणून तो उठाव चिरडला. दहा महिन्यांनी त्याच बेटावरच्या आदिवासी मुलांना कोशिएनवर टाळ्या मिळाल्या. साम्राज्याला त्या टाळ्यांची गरज होती, एवढंच मी म्हणेन. मुलांच्या खेळात खोट नव्हती.

गॅरीत जिंकणारी मुलं याच मातीतली. तैवानात तेव्हा 'उत्तरेला हुआशिंग, दक्षिणेला मेइहे' असं म्हणत. हुआशिंग ही तैपेईतली शाळा खुद्द मादाम चँग यांनी सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी काढलेली. १९६९ साली विल्यम्सपोर्ट जिंकून आलेल्या मुलांना तिने आपल्याकडे घेतलं. मेइहे ही दक्षिणेत पिंगतुंग जिल्ह्यातल्या नेइपू गावातली शाळा. ती काढली शू पांग-शिंग या हक्का समाजातल्या शल्यविशारदाने, १९६१ साली, स्वतःच्या मिळकतीतून. सत्तर साली विल्यम्सपोर्टला निकाराग्वाकडून हरून आलेल्या मुलांना त्यांनी जवळ केलं आणि त्यांतून संघ उभा केला. प्रशिक्षक त्सेंग ची-एन हवाई दलाच्या संघातले, शिस्तीला कडक. गॅरीतले बहुतेक करंडक या दोन शाळांनीच आणले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची शाळा आणि खेड्यातल्या डॉक्टरची शाळा यांतला सामना म्हणजे तिथे नुसता खेळ राहत नसे.

ही मुलं नेमकी कुणाची, यावरून तर परदेशातही भांडणं झाली. १९७१ साली विल्यम्सपोर्टला सामना चालू असताना डोक्यावरून एक भाड्याचं छोटं विमान गेलं. मागे फडकत होता 'तैवानचं स्वातंत्र्य चिरायू होवो' असा फलक. खाली प्रेक्षकांत सरकारचे पाठीराखे आणि स्वातंत्र्यवादी यांच्यात हाणामाऱ्या झाल्या, आणि पुढच्या वर्षी तर सरकारने अमेरिकेत शिकणारे आपले लष्करी प्रशिक्षणार्थी आणून बसवले. मुलांच्या अंगावर सदरे होते ते 'फार ईस्ट' लिहिलेले. ना चीन, ना तैवान.

आपल्याला हे अगदीच परकं वाटू नये. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताकडून तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळ गोव्याचा, आणि गोव्याला मुक्ती मिळायला तेव्हा अजून पाच वर्षं होती.

अमेरिकेत कुरकुर सुरू झाली ती वेगळ्या कारणाने. १९७३ साली तैनानच्या लहान मुलांनी विल्यम्सपोर्टचे तीन सामने मिळून ५७–० असे जिंकले, समोरच्यांना एकही हिट मारू न देता. १९७५ साली तिथे फक्त अमेरिकी संघच खेळले! ओरड इतकी झाली की पुढच्या वर्षी दारं पुन्हा उघडावी लागली. अमेरिकी लोकांचा संशय अगदीच निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. १९६८ साली ज्या हाँग्ये गावच्या आदिवासी मुलांनी जपानच्या पाहुण्या संघाला ७–० हरवून हे वेड देशभर पसरवलं, त्यांतली काही मुलं जास्त वयाची होती आणि दुसऱ्यांच्या नावाने खेळली होती. प्रकरण कोर्टात गेलं, मोठी माणसं दोषी ठरली. डोंगरातली ती पोरं मात्र स्वतःचं नाव बाजूला ठेवून राष्ट्रवीर झाली, आणि गाजावाजा संपल्यावर पुन्हा मजुरीला लागली.

कारण पुढे वाट नव्हती. तैवानात व्यावसायिक लीग सुरू झाली ती १९९० साली. पंधराव्या वर्षी जग जिंकलेल्या मुलाने विशीत काय करायचं? ज्याला जमलं तो जपानला गेला. ताइतुंगच्या आमिस जमातीचा, १९६९ च्या त्या विजयी संघातला को युआन-ची नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्सकडून खेळला आणि १९८८ साली तिथल्या सेंट्रल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण असे किती?

सीनियर लीगची स्पर्धा पुढे गॅरी सोडून फ्लोरिडातल्या किसिमीला गेली, मग मेन राज्यातल्या बँगरला आणि २०१७ पासून साउथ कॅरोलिनातल्या ईझलीला. तैवानने ती एकूण सतरा वेळा जिंकली, शेवटची १९९२ साली. १९९७ मध्ये नियमांवरून खटके उडून तैवान लिटल लीगमधूनच बाहेर पडला आणि २००३ साली परतला.

पूर्वी तैवानच्या पाचशेच्या नोटेवर चँग कै-शेकचा चेहरा असे. डिसेंबर २००० मध्ये नवी नोट आली. तिच्यावर ताइतुंगच्या नानवांग शाळेतली पुयुमा जमातीची मुलं आहेत, टोप्या हवेत उडवणारी. बेसबॉलच्या टोप्या.