मेम्फिसचे स्टॅक्स

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात ईस्ट मॅकलेमोर अव्हेन्यूवर कॅपिटॉल नावाचे एक बंद पडलेले सिनेमागृह होते. १९६० मध्ये जिम स्ट्युअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी ते भाड्याने घेतले. दोघेही गोरे, दोघेही बँकेत नोकरीला. जिम हौसेने कंट्री संगीतातले फिडल वाजवत असे. कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूजशी त्याची ओळख बेताचीच होती. १९५७ मध्ये त्याने सॅटेलाइट ही रेकॉर्ड कंपनी काढली होती आणि तिच्यासाठी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घ्यायला एस्टेलने राहते घर गहाण टाकले होते. कॅलिफोर्नियात त्याच नावाची कंपनी असल्याचे कळल्यावर १९६१ मध्ये दोघांच्या आडनावांतली अक्षरे जोडून नवे नाव घेतले गेले: स्टॅक्स.

खुर्च्या काढल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन सपाट करण्याइतका पैसा नव्हता. ती तशीच राहिली. उंच छताच्या त्या दालनात वादक आणि गायक एकत्र बसून एकाच वेळी वाजवत-गात, आणि जे काही होई ते सगळे एकदम टेपवर उतरे. ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांपुढे बहुधा लिहिलेले स्वर नसत. कोणीतरी ओळ गुणगुणे आणि बाकीचे ती उचलत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या घोटून गुळगुळीत केलेल्या गाण्यांपुढे स्टॅक्सचे गाणे खरखरीत वाटते, ते या पद्धतीमुळे. मोटाउनने आपल्या दारावर ‘हिट्सव्हिल’ लिहिले होते. स्टॅक्सने सिनेमाची नावे लावायच्या फलकावर ‘सोल्सव्हिल’ लिहून त्याला उत्तर दिले.

सिनेमागृहाच्या खाऊच्या दुकानात एस्टेलने रेकॉर्डचे दुकान थाटले. स्टॅक्सच्या यशात या दुकानाचा वाटा स्टुडिओइतकाच मानायला हवा. तोवर वस्तीतली गोरी कुटुंबे निघून चालली होती, कृष्णवर्णीय येत होती. त्यांची मुले दुकानात रेंगाळत, आणि कोणत्या गाण्यावर त्यांचे पाय हलतात हे एस्टेल गल्ल्यामागून पाहत असे. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर पुढे आयझॅक हेजच्या जोडीने कंपनीचा प्रमुख गीतकार झाला. रूफस आणि कार्ला या टॉमस बापलेकीच्या १९६० मधील गाण्यात बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारा बुकर टी. जोन्स तर शाळकरी पोर होता.

१९६२ मध्ये याच बुकरच्या ऑर्गनभोवती ‘ग्रीन अनियन्स’ ही धून जमली, तीही दुसऱ्या कामातून उरलेल्या वेळात. बुकर आणि ड्रमवादक अल जॅक्सन कृष्णवर्णीय, गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर गोरा. बासवर आधी ल्युई स्टाइनबर्ग हा कृष्णवर्णीय वादक होता, नंतर गोरा डोनाल्ड ‘डक’ डन आला. शाळा आणि उपाहारगृहे वर्णानुसार वेगळी असलेल्या शहरात हे चौघे रोज एकत्र बसत. त्यांना बाहेर एकत्र जेवायला-बसायला लॉरेन मोटेल ही कृष्णवर्णीय मालकाची जागा होती. क्रॉपर आणि गायक विल्सन पिकेट यांनी १९६५ मध्ये ‘इन द मिडनाइट अवर’ तिथेच रचले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ॲटलांटिक कंपनीचे जेरी वेक्सलर स्टुडिओत उतरून तेव्हाच्या नव्या नाचाची लकब करून दाखवू लागले. ती पाहून जॅक्सन आणि क्रॉपर यांनी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवरचा ठोका किंचित मागे ओढला. हा रेंगाळलेला ठोका पुढे स्टॅक्सची खूण ठरला.

ओटिस रेडिंग १९६२ मध्ये आला तो गिटारवादक जॉनी जेन्किन्सची गाडी चालवत. शेवटी वेळ उरला म्हणून त्याला गाऊ दिले, आणि पाच वर्षांत तो कंपनीचा सर्वांत मोठा गायक झाला. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील सरोवरात विमान कोसळून तो आणि साथीच्या बार-केज वाद्यवृंदातले चार तरुण वादक मरण पावले. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती लॉरेन मोटेलमध्येच. त्यानंतर स्टुडिओतला जुना मोकळेपणा उरला नाही.

त्याच सुमारास कागदावरचा घावही बसला. स्टॅक्सच्या रेकॉर्ड देशभर पोहोचवण्याचे काम ॲटलांटिक करत असे. ती कंपनी वॉर्नरला विकली गेल्यावर जिमने १९६५ चा करार काढून वाचला, तेव्हा वितरित झालेल्या सगळ्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी ॲटलांटिककडे असल्याचे उघड झाले. त्याने सही न वाचताच केली होती.

आधी रेडिओ निवेदक असलेल्या अल बेल या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने रिकामा झालेला साठा भरून काढायला १९६९ मध्ये एका दमात २७ अल्बम बाजारात आणले. त्यांतल्या हेजच्या ‘हॉट बटर्ड सोल’मध्ये अवघी चार गाणी होती, एक तर १८ मिनिटांहून लांब; तरी तो तडाखेबंद खपला. ‘शाफ्ट’ चित्रपटासाठी हेजला १९७२ मध्ये ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये १ डॉलर तिकिटाच्या ‘वॉटस्टॅक्स’ कार्यक्रमाला लाखाच्या आसपास लोक जमले.

सीबीएसशी केलेला वितरणाचा नवा करार मात्र फसला, बँकेचे कर्ज थकले आणि डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्स दिवाळखोरीत निघाली. जिमने स्वतःची मालमत्ता तारण ठेवली होती; तीही गेली. १९८९ मध्ये इमारत पाडण्यात आली. त्याच जागी २००३ मध्ये उभ्या राहिलेल्या संग्रहालयात स्टुडिओ उतरत्या जमिनीसकट पुन्हा बांधला आहे.