टर्की नदीकाठचा भूप

पहाटेचे चार वाजलेत. उठा, जोडे हातात घ्या आणि आवाज न करता जिना उतरा. साल १८९३, महिना जून. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं स्पिलव्हिल. पण इथं कानावर पडते ती चेक भाषा.

तो पुढं निघालेला दाढीवाला माणूस पाहिलात? संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक. ते थांबायचे नाहीत, तुम्हीच भरभर चाला. टर्की नदीच्या काठानं जाताना दवानं पँट गुडघ्यापर्यंत भिजते. ओलं गवत, गाळ आणि शेण यांचा वास नाकात भरतो. न्यूयॉर्कच्या गोंगाटात काढलेल्या आठ महिन्यांत पक्ष्यांची गाणी कानी पडलीच नव्हती. इथं पडतात, फक्त ती बोहेमियातल्या पाखरांची नाहीत. फांदीवर तो लालभडक, काळ्या पंखांचा पक्षी बघा. त्याची किलबिल थांबतच नाही. द्वोर्झाक वैतागतात. पण ऐकतात.

सातच्या प्रार्थनेला चर्चमध्ये दाटीवाटीनं बसा. मेणाचा वास, घामेजलेले जाड कपडे, शेजारच्या आजोबांचा खरखरीत कोपर. वर ऑर्गन घुमतो आणि सगळं चर्च ओळखीचं जुनं चेक भजन गाऊ लागतं. तो सूर तुमच्या बरगड्यांत उतरतो.

दुपारी उन्हानं माळ तापतो. मैलोन्मैल गवत, माणूस नाही. या मोकळेपणानं जीव उदास होतो, असं ते पुढे पत्रात लिहिणार आहेत. घरी बोहेमियात, व्हिसोका गावी, त्यांची बाग आहे, कबुतरं आहेत. मला वाटतं, ते इथं रचत असलेल्या, चार तंतुवाद्यांसाठीच्या चौकडीतला संथ दुसरा भाग त्या दोन ठिकाणांच्या मधोमध कुठंतरी उभा आहे.

आराखडा तीन दिवसांत झाला, सगळी रचना सोळा दिवसांत. शाई वाळली तशी शाळामास्तर कोवारझिक आणि त्यांची मुलं वाद्यं घेऊन आली. पहिलं व्हायोलिन स्वतः द्वोर्झाकांच्या हाती. तुम्ही भिंतीला टेकून बसा. राळेची बारीक भुकटी उडते, तारा जुळतात. व्हायोलिनं पहाटेच्या पाण्यासारखी थरथरू लागतात आणि त्यातून व्हायोला बोलू लागतो. तरुणपणी द्वोर्झाक वाद्यवृंदात हेच वाद्य वाजवायचे.

कान टवकारलेत ना? सा रे ग प ध. आपल्या भूपाचेच पाच स्वर! इथं कुणाला भूप ठाऊक नाही. तुम्हाला मात्र क्षणभर घरची पहाट आठवते.

तिसऱ्या भागात पहिलं व्हायोलिन एकदम वर चढतं आणि तोकडे, घाईघाईचे सूर टाकतं. सकाळचा तो लाल पक्षी! द्वोर्झाक मान हलवत, गज अगदी हलका धरून, त्याला जसाच्या तसा वाजवत राहतात.