पाच मैलांचा हिशेब

महानुभावांची ‘स्थानपोथी’ शिकवण्याचा प्रसंग आला की वर्गातून एक शंका हमखास येते : याला वाङ्मय का म्हणायचे? श्रीचक्रधर कोणत्या गावी राहिले, तेथील देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला होते, त्याचे दार कोणीकडे होते, एवढाच तर मजकूर! शंका रास्त आहे. पण आम्हांला हा चौदाव्या शतकातील ग्रंथ पायी चालणाऱ्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी केलेल्या नकाशासारखा वाटत आला आहे. ज्या पंथाने अटन हा आचारधर्माचा भाग मानला, त्यालाच असा ग्रंथ सुचावा हे स्वाभाविक होते. देवळाचे दार पूर्वेला की पश्चिमेला, ही गोष्ट थांबून पाहणाऱ्यालाच दिसते.

त्या पंथाचे रिद्धपूर आमच्या कारंज्याहून, म्हणजे कारंजा (घाडगे) येथून, फार दूर नाही. वर्धा नदी ओलांडून पश्चिमेला गेले की मोर्शी तालुक्यात ते लागते. (कारंजा लाड वेगळे; ते वाशीम जिल्ह्यात. पाहुण्यांची ही गल्लत नेहमीची आहे.) चालण्याचा इतका जुना वारसा ज्या मुलखाला आहे, तिथे रस्त्यावरून चालणारा माणूस कधी आणि कसा हिशेबाबाहेर गेला, हे शोधावे म्हणून आम्ही थोडे मागे गेलो.

कारंज्याला रेल्वे नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला तो पुलगाव-वर्धा या वाटेने. पुढे कापसासाठी पुलगावहून आर्वीपर्यंत एक अरुंद फाटा टाकला गेला, तोही आता बंद आहे. कारंज्याच्या वाट्याला आला तो नागपूर-अमरावती रस्ता. गावाचा बाजार, संत्र्यांची वाहतूक, शाळा-कॉलेज, दवाखाना, सारे काही या एका रस्त्यावर अवलंबून. म्हणून रस्त्याचा इतिहास हा आमच्या गावचा घरगुती इतिहास आहे.

भारतातील रस्त्यांचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो १९२७ मध्ये नेमलेल्या जयकर समितीपासून. हे बॅ. मु. रा. जयकर मराठीच्या अभ्यासकांना पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ठाऊक असतात. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात टिपणे काढताना पेट्रोलचे नाव कुणाच्या मनात येत नाही. पण पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी राखावा, ही शिफारस याच समितीची. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. मोटारीच्या इंधनातून रस्त्याला पैसा, हे नाते तेव्हाच जुळले.

दुसरा टप्पा तर आमच्या शेजारचाच. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. ‘नागपूर योजना’ या नावाने ती ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही आज सर्वांच्या तोंडी असलेली वर्गवारी तिथे ठरली. पण आमचे लक्ष वेधले ते तिच्यातील दुसऱ्याच एका नियमाने. शेतीच्या विकसित प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, आणि सरासरी अंतर दोन मैलांहून कमी असावे, असे ते उद्दिष्ट होते.

पाच मैलच का? आम्ही त्याचा अर्थ असा लावतो : हे माप बैलगाडीचे आहे, पायांचे आहे. सकाळी निघून मुख्य रस्ता गाठावा, काम उरकावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, इतके ते अंतर. या योजनेत मोटारीच्या रस्त्याची लांबी माणसाच्या चालण्याने मोजली होती! योगायोग असा की ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीतून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, चालत गेले, तेही अंतर सुमारे पाच मैलांचेच.

विनोबांनी तर हे माप मोडीतच काढले. मार्च १९५१ मध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. त्याच यात्रेत १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. सप्टेंबरात नियोजन मंडळाशी बोलण्यासाठी पवनारहून दिल्लीला निघाले, तेही पायीच. पंचवार्षिक योजनेची चर्चा करायला माणूस दोन महिने चालत जातो, यात काहींना विक्षिप्तपणा दिसला. आम्हांला त्यात एक शिस्त दिसते : ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्याच वेगाने जायचे. गांधी-विनोबांना वर्ध्यात आणणाऱ्या जमनालालजींच्या घराण्याने मात्र पुढे साऱ्या देशाला स्कूटरवर बसवले. असो.

नागपूर योजनेचा पाच मैलांचा हिशेब पुरा व्हायचा तर तीन दुवे हवेत. घरापासून रस्त्यापर्यंत चालण्याजोगी वाट, मग मुख्य रस्ता, आणि त्या रस्त्यावर सामान्यांना परवडणारे वाहन. तिसरा दुवा एसटीने पुरवला. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली बस धावली. आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता आणि नागपूरची सरकारी बससेवा निराळी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती मुंबईच्या महामंडळात आली. फाट्यावर उभे राहायचे, हात करायचा, वाहकाला गाव सांगायचे, ही ग्रामीण महाराष्ट्राची दोन पिढ्यांची सवय. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याने वसतिगृहांइतकेच एसटीच्या पासाकडे पाहावे, असे आमचे मत आहे.

२०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप लांबला, तेव्हा हा दुवा निखळला की काय होते ते दिसले. ज्यांच्याकडे दुचाकी होती ते आले, काही काळीपिवळीत दाटीवाटीने आले, आणि वर्गात रिकाम्या राहिलेल्या जागा बहुतेक मुलींच्या होत्या. घरात एक मोटारसायकल असेल तर ती आधी कुणाला मिळते, हे सांगायला नको. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. गाडी यावी तर लागते.

मधला दुवा तेवढा वाढत राहिला. आमचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ चौपदरी झाला, नव्या गणनेत त्याचा ५३ झाला. दुभाजक आला की पलीकडचे शेत तितकेच जवळ राहूनही लांब जाते. डोक्यावर भारा घेतलेली बाई सुटाट गाड्यांकडे पाहत उभी राहते. पुढे समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच गेला. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर पादचारी नको, सायकल नको, बैलगाडी नको, दुचाकी आणि तीनचाकीही नको. वेग पाहता या मनाईत तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. मात्र ज्या जिल्ह्यातून विनोबा दिल्लीला चालत गेले, त्या जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या रस्त्यावर आज पाऊल ठेवणे नियमबाह्य आहे. शेतकऱ्याला पलीकडे जायचे असेल तर बैलजोडी घेऊन महामार्गाखालच्या बोगद्याने जाता येते. तिथून वरच्या गाड्यांचा फक्त आवाज ऐकू येतो.